पुरावा खिशात नको, निशाणीवर हवा!

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगते. त्या दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण १७ मार्च १९३७ ही तारीख विचारली तर चळवळीत केस पांढरे झालेले कार्यकर्तेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो, तो हा दिवस.

सत्याग्रहानंतर महाडच्या सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. त्यांनी दावा लढवला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात, १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलात आणि १९३७ मध्ये मुंबईत निकाल आपल्या बाजूने लागला. उच्च न्यायालयाने सांगितले की, वादी ज्या वहिवाटीचा आधार घेतात ती अनादी वहिवाट त्यांना शाबीत करता आलेली नाही. हजारो वर्षांची रूढी म्हणून जी गोष्ट छाती ठोकून सांगितली जात होती, ती पुराव्याच्या कायद्यापुढे उभी राहू शकली नाही. दहा वर्षांच्या त्या लढाईचा पाया तालुक्याच्या कोर्टात घातला गेला होता, हे आपण विसरलो आहोत.

आज आम्ही हे लिहितो आहोत त्याचे कारण असे, की आपल्या समाजाकडे पूर्वी कधी नव्हता एवढा पुरावा आज आहे आणि तो कोर्टाच्या दारातच अडतो आहे. गावात मारहाण झाली, मिरवणूक अडवली, जातीवरून शिवीगाळ झाली, तर दहा मोबाईल वर होतात. क्लिप तासाभरात जिल्हाभर फिरते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते. तीन-चार वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा ती क्लिप कुठे असते? ज्याने काढली त्याने फोन विकलेला असतो. उरते ती कुणीतरी पाठवलेली, गाणे जोडलेली, अर्धी कापलेली प्रत. तिच्यावर कोर्ट विश्वास ठेवत नाही, आणि ठेवावा असा आग्रह आम्ही वकील म्हणूनही धरू शकत नाही.

निशाणी म्हणजे काय?

कोर्टाच्या प्रत्येक फाइलमध्ये अर्ज, जबाब, दस्तऐवज यांना क्रमांक पडतात. त्याला आपल्याकडे निशाणी म्हणतात. दिवाणी दाव्यातला मनाईचा अर्ज 'निशाणी पाच' म्हणून खेड्यातल्या शेतकऱ्यालाही माहीत असतो. फौजदारी खटल्यात साक्षीदाराचा जबाब, पंचनामा, वैद्यकीय दाखला यांना निशाणी मिळते. काठी, कपडे अशा मुद्देमालाला वेगळी खूण पडते.

यात तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली पायरी, कागद यादीने दाखल करणे. दुसरी पायरी, साक्षीदाराने कोर्टासमोर तो कागद ओळखणे व शाबीत करणे, आणि न्यायाधीशांनी त्याला निशाणी देणे. तिसरी पायरी, अंतिम युक्तिवादात त्या निशाणीचा कोर्टाने विचार करणे. 'आम्ही सगळे कागद कोर्टात दिले होते' असे लोक निकालानंतर सांगतात. दिलेले असतात हे खरे. पण पहिल्याच पायरीवर राहिलेला कागद हा फाइलमधला कागद असतो, पुरावा नसतो. दिवाणी दाव्यात तर वादपत्रासोबत यादीने न दिलेला कागद पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय पुराव्यात घेता येत नाही. गायरानाचा, स्मशानभूमीच्या रस्त्याचा दावा लावणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावे.

अत्याचाराच्या खटल्यांत या गोष्टीला किती मोल आहे? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्या खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. गावात राहायचे, तिथेच मजुरी करायची, त्याच किराणा दुकानातून उधार आणायचे, अशा माणसावर दबाव कसा येतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कागदावर आणि मूळ रेकॉर्डिंगवर तसा दबाव आणता येत नाही. म्हणून ते वेळेवर आणि नियमाने कोर्टात आणण्याचे काम हे अत्याचारविरोधी लढ्याचेच काम आहे.

जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यात तर ते अधिकच निकडीचे आहे. असा अपमान लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी झालेला असला पाहिजे, असे कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही असे ठरवले. तेव्हा घटना कुठे घडली आणि कोण कोण हजर होते, हेच खटल्याचे मर्म ठरते. पंचनाम्यात 'घरासमोर' याऐवजी 'घरात' असा एक शब्द पडला तरी खटला डळमळतो. क्लिपमध्ये रस्ता दिसतो, विजेचा खांब दिसतो, जमलेली माणसे दिसतात. ती क्लिप रीतसर शाबीत झाली तर पंचनाम्यातला तो एक शब्द खटला बुडवू शकत नाही.

मोबाईलची क्लिप आणि कायदा

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले. अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते की नाही, यावर अनेक वर्षे वाद चालला. २०१४ च्या अन्वर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते लागते असे सांगितले. त्यावर शेवटचा शब्द पडला तो आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचे आहे. मूळ उपकरणच घेऊन त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने ते शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून त्याला ते देण्यास भाग पाडता येते. ही तिसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. ग्रामपंचायत, बँक, पोलीस ठाणे यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण आपल्या हातात नसते, पण अर्ज आपल्या हातात असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्या दिवशी जे खटले आणि तपास चालू होते ते जुन्या कायद्यानेच चालतात. त्यानंतरच्या प्रकरणांत कलम ६३ लागते. या कलमाच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. 'अ' भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. त्यात उपकरण कोणते, त्याचा मेक, मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि फाइलचा हॅश लिहायचा. 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. साध्या संगणकावर तो काढता येतो. फाइलमध्ये एका क्षणाचा जरी फेरफार झाला तरी हा ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवली की ती आकाराने लहान होते आणि ठसा बदलतो. म्हणून पाठवलेली क्लिप ही मूळ क्लिप नव्हे.

यावरून आपल्या तरुणांनी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. घटना टिपणाऱ्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहा. त्याचा फोन विकू नका, त्यातली फाइल पुसू नका, तिला गाणे किंवा नाव जोडू नका. मूळ फाइल केबलने संगणकावर घ्या, त्याच बैठकीत हॅश काढा, तारीख-वेळ नोंदवा. पोलिसांनी फोन जप्त केला तर जप्ती पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक आणि सीलचा उल्लेख आहे की नाही ते पाहा. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ते जपून ठेवण्याचे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने, आणि ते शक्यच नसेल तर निदान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात सांगितलेले आहे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, दमदाटी झाली, अशी तक्रार असेल तर हे चित्रण मागता येते.

ई-फायलिंग: संगणकावरचे काम

आता खालच्या कोर्टांतही ई-फायलिंग आले आहे. वकील किंवा पक्षकार संकेतस्थळावर नोंदणी करतो, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकतो, न्यायालय व प्रकरण निवडतो, पीडीएफ चढवतो, डिजिटल किंवा आधारची सही करतो. मग कार्यालय तपासणी करते. त्रुटी निघाली तर कागद परत येतो, ती दूर करून पुन्हा पाठवायचा. प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो प्रत्येक पक्षकाराने पाठ करावा, कारण त्यावरून पुढची तारीख घरबसल्या कळते.

याचा फायदा मोठा आहे. फाइलमधून पान नाहीसे होणे, 'आमच्याकडे असा कागद आलाच नाही' असे ऐकावे लागणे, हा अनुभव गरीब पक्षकाराला नवा नाही. संगणकावर चढवलेल्या कागदाला तारीख आणि वेळ असते, पोच असते. ती नाकारता येत नाही.

पण काम नीट केले तरच. आमच्या अनुभवात निम्म्या त्रुटी साध्या असतात. सातबारा, जातीचा दाखला, वैद्यकीय दाखला, निवेदने हे सारे एकाच गठ्ठ्यात उलटसुलट स्कॅन करून चढवले, तर न्यायाधीशांना हवे ते पान सापडत नाही आणि साक्षीच्या वेळी साक्षीदार गोंधळतो. प्रत्येक दस्तऐवज वेगळा ठेवावा. यादीत अनुक्रमांक, दस्तऐवजाचे नाव, तारीख, मूळ की नक्कल, पाने किती, हे लिहावे. सर्व पानांना सलग क्रमांक द्यावा, आणि यादीतला क्रमांक व पीडीएफमधला क्रमांक एकच असावा. कागदाची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण शिक्का आणि आवक क्रमांक पुष्कळदा मागेच असतो. मोबाईलने सावलीत काढलेला फोटो हा स्कॅन नव्हे. अंगठा, सही, शिक्का स्पष्ट वाचता आला पाहिजे.

मराठीची एक अडचण कुणी बोलत नाही. आपल्या राज्यात खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. पण कोर्टाबाहेरचे अनेक टायपिस्ट अजून जुन्या फाँटमध्ये टंकतात. त्याची पीडीएफ डोळ्यांना ठीक दिसते, पण संगणकावर एखादा शब्द शोधायला गेले की सापडत नाही, कारण आत भलतीच अक्षरे असतात. दोनशे पानांच्या फाइलमध्ये आरोपीचे नाव शोधणाऱ्या न्यायाधीशाला ते मिळाले नाही तर नुकसान कुणाचे? अर्ज आणि शपथपत्र युनिकोडमध्येच टंकून घेण्याचा आग्रह धरा.

क्लिप पीडीएफमध्ये बसत नाही. ती वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये, सीलबंद, हॅशच्या अहवालासह आणि प्रमाणपत्रासह यादीने द्यावी लागते. क्लिपमधले बोलणे लेखी उतरवून सोबत द्यावे. शिवी असेल तर ती जशी आहे तशी लिहावी. 'अर्वाच्य शिवीगाळ केली' असे सभ्य लिहून आपणच आपला पुरावा बोथट करतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मात्र पीडितेचे नाव आणि ओळख कुठेही उघड होणार नाही याची खबरदारी घ्या. ती उघड करणे हा गुन्हा आहे. आणि काहीही चढवले तरी मूळ कागद जपून ठेवा. निशाणी पडण्याच्या दिवशी कोर्ट मूळ कागद मागते. संगणकावर कागद चढला म्हणजे पहिली पायरी झाली, दुसरी पायरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच होते.

पीडिताचा हक्क

'खटला तर सरकार चालवते, आम्ही काय करणार?' असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर कायद्यातच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकांना दस्तऐवज, वस्तू वा साक्षीदार हजर करण्यासाठी विशेष न्यायालयाकडे अर्ज करण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. या कायद्याखालच्या सर्व कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे, असेही तिथे लिहिलेले आहे. कलम ४ मध्ये दस्तऐवज आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेख अचूक तयार करणे, त्यांचे अचूक भाषांतर करणे हे लोकसेवकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. त्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर-अनुसूचित अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने आणखी एक दार उघडले. आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत दोषारोपपत्राची प्रत आरोपीला द्यायची, तशी ती पीडितालाही मोफत द्यायची आहे. पण अट अशी, की पीडितातर्फे वकील हजर असला पाहिजे. म्हणजे वकीलपत्र दाखल नाही, तर या तरतुदीखाली प्रत मागता येत नाही. म्हणून दोषारोपपत्र दाखल होताच पहिले काम वकीलपत्राचे. प्रत हाती आली की तपासा: जातीचा दाखला जोडला आहे का? आरोपीच्या जातीबाबतचा कागद आहे का? उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे तपास दिल्याचा आदेश आहे का? आपण दिलेली क्लिप दस्तऐवजांच्या यादीत आहे का? नसेल तर सरकारी वकिलांना लेखी कळवा, आणि तरीही हालचाल नसेल तर कलम १५-अ खाली अर्ज करा. जातीच्या दाखल्याकडे विशेष लक्ष हवे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या आदेशात स्थान मिळाले. पण शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, जातीच्या दाखल्यावर दुसरी, आणि आडनाव तिसरेच, असे असले की बचाव पक्षाला आयते हत्यार मिळते. हा मेळ खटल्याआधी घालून ठेवला पाहिजे.

खर्च कुणी करायचा?

ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. यंत्रे येतील, संकेतस्थळे सुधारतील. पण ज्या शेतमजूर बाईच्या घरावर हल्ला झाला तिने स्कॅनिंगचे पैसे कुठून आणायचे? प्रमाणपत्राच्या 'ब' भागासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा? आरोपी सधन असतो, त्याच्या वकिलाच्या कार्यालयात संगणक, स्कॅनर, मदतनीस सारे असते. कायद्यापुढे दोघे समान आणि स्कॅनरपुढे असमान, अशी ही स्थिती आहे.

यावर आमची मागणी भीक म्हणून नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. आजच्या कोर्टात स्कॅनिंग, ई-फायलिंग आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र यांच्याशिवाय कायदेशीर मदत पुरी होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने 'ब' भागासाठी तज्ज्ञांची यादी तयार करावी आणि त्यांचे शुल्क स्वतः द्यावे. न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात मराठी जाणणारा माणूस आणि चालू स्थितीतला स्कॅनर असावा, आणि ही सोय तालुक्यापर्यंत पोहोचावी. विशेष न्यायालयांत चित्रीकरणाची तरतूद कागदावर न राहता अंमलात यावी.

सरकार हे करेपर्यंत आपण थांबायचे का? आपल्या वस्त्यांत संगणक शिकलेली मुले-मुली आज घरोघर आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे आहेत, विधी महाविद्यालयात शिकणारे आहेत. प्रत्येक तालुक्यात अशा पाच जणांचे पथक उभे राहिले, त्यांनी एक वही, एक स्कॅनर आणि एक कुलूपबंद कपाट एवढे साहित्य जमवले, आणि अत्याचाराची प्रत्येक घटना पहिल्या चोवीस तासांत नोंदवून ठेवली, तर सरकारी वकिलासमोर आणि न्यायाधीशासमोर आपली बाजू भक्कम कागदांनिशी उभी राहील. जयंतीच्या वर्गणीतून स्कॅनर घ्यायला हरकत कुणाची? पुढच्या रविवारी विहारात बैठक घ्या. आपल्या तालुक्यात अत्याचाराचे किती खटले प्रलंबित आहेत, त्यांचे सीएनआर क्रमांक काय, किती प्रकरणांत पीडिताचे वकीलपत्र दाखल आहे, एवढ्या तीनच गोष्टी फळ्यावर लिहा. जिथे वकीलपत्राच्या रकान्यात शून्य येईल, तिथून कामाला सुरुवात करा.